रॉ फाइल्स डीएनजी करून वापरतोय, सात-आठ महिन्यांनंतरचं मत

कॅमेऱ्यातनं आलेल्या रॉ फाइल्स (सेन्सरचा प्रक्रिया न केलेला डेटा) आधी अ‍ॅडोबीच्या डीएनजी कन्व्हर्टरमधून (डीएनजी म्हणजे रॉ साठवायचा एक खुला फॉरमॅट) काढायच्या आणि मगच एडिटला घ्यायच्या, असं बरेच महिने चाललंय. कारण बहुतेकांचं असतं तेच, कॅमेरा नवा आणि लाइटरूम (माझं फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर) जुनं, त्यामुळे फाइल ओळखलीच जात नव्हती आणि नुसतं तेवढ्यासाठी सबस्क्रिप्शन घ्यायला मन तयार नव्हतं. कन्व्हर्टर फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो आणि हे एक काम चोख करतो. फक्त प्रेफरन्सेसमध्ये कंपॅटिबिलिटी बघा, तिथे आपल्या सॉफ्टवेअरला झेपेल तेवढं जुनं ‘कॅमेरा रॉ’चं (रॉ उघडणाऱ्या प्लगइनचं) व्हर्जन निवडायचं, नाहीतर तयार झालेली डीएनजीसुद्धा उघडणार नाही.

दिसायला एकदम रूक्ष प्रकरण आहे. थंबनेल नाही, एडिटिंग नाही, फोल्डर दाखवा, कुठे ठेवायचं ते सांगा आणि सोडून द्या. मला तर ते बरंच वाटतं.

साइजबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. कॅमेरा अनकंप्रेस्ड रॉ देत असेल तर डीएनजी बरीच लहान होते, आणि क्वालिटी जात नाही कारण कंप्रेशन लॉसलेस असतं. पण कॅमेऱ्यातच लॉसलेस कंप्रेशन लावलेलं असेल तर फारसा फरक पडत नाही. ओरिजिनल फाइल आत एम्बेड करायचा पर्याय आहे, तो घेतला की साइज साधारण दुप्पट, मग कन्व्हर्ट करून जागा काय वाचवली! आणि लिनिअर डीएनजीच्या पर्यायावर उगाच टिक करू नका, त्यात डीमोझेइक होऊन (म्हणजे शेजारच्या पिक्सेलवरून उरलेले रंग काढून) प्रत्येक पिक्सेलला तीन रंगांच्या व्हॅल्यू साठतात, फाइल फुगते आणि मूळ सेन्सर डेटा त्या फाइलमधनं परत मिळत नाही.

रोजच्या वापरात खरा फायदा वेगळाच निघाला. एडिटची माहिती डीएनजीच्या आतच लिहिली जाते, एडिटची नोंद ठेवणारी वेगळी एक्सएमपी फाइल सांभाळावी लागत नाही, फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवला की सेटिंग्ज बरोबर जातात. पण याचीच दुसरी बाजू म्हणजे रेटिंग बदललं तरी अख्खी फाइल बदलली असं धरून साधं बॅकअप सॉफ्टवेअर ती पूर्ण परत चढवतं, आणि नेट स्लो असेल तर हा प्रकार डोक्यात जातो. मी आता मेटाडेटा आपोआप सेव्ह होणं बंद ठेवलंय, काम संपलं की एकदाच सेव्ह करतो. शिवाय डीएनजीत इमेज डेटाचा चेकसम (डेटा बदललाय का ते ताडून बघायचा आकडा) असतो, लाइटरूममधून फाइल्स व्हॅलिडेट करता येतात, जुन्या डिस्कवरचं काही खराब झालंय का ते कळतं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या स्वतःच्या रॉमध्ये ही सोय अशी हाताशी नसते, आणि याचं कौतुक कोणी करत नाही.

ओरिजिनल डिलीट करावेत का? मी करत नाही. कॅमेरा कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर्स कन्व्हर्ट केलेली डीएनजी सहसा घेत नाहीत, आणि एम्बेड केलं नसेल तर डीएनजीवरून मूळ फाइल परत बनवता येत नाही. फॉरमॅट २००४ पासून आहे, स्पेसिफिकेशन खुलं आहे, लायका आणि पेंटॅक्सचे बरेच कॅमेरे थेट डीएनजीच देतात, म्हणून उद्या तो उघडणार नाही अशी भीती मला नाही. पण नवीन लाइटरूम वापरत असाल आणि तुमच्या कॅमेऱ्याची रॉ त्यात सरळ उघडत असेल तर सगळं कलेक्शन कन्व्हर्ट करत बसू नका, निवडलेले फोटो केले तरी पुरे.