चर्चच्या वेबसाइटसाठी फोटो: कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या स्टुडिओचा अनुभव

आमच्या चर्चच्या वेबसाइटवर सेवकांचं एक पान आहे. परवापर्यंत त्या पानाचा सगळा आनंदच होता. पाळकसाहेबांचा आधारकार्डावर असतो तसला फोटो. खजिनदारांचा कुणाच्या तरी लग्नातून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याच माणसाचा घड्याळवाला हात. आणि चर्च उघडणाऱ्या, झाडणाऱ्या मामांच्या जागी नुसता करडा गोल. शिवाजी विद्यापीठात शिकायला येणारी बाहेरगावची पोरं रविवारी यायच्या आधी वेबसाइट बघतात. दारात त्यांना पहिल्यांदा भेटतात ते मामाच, आणि चेहरा नव्हता तो त्यांचाच.

बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला ते हे गाव. फोटोवाल्यांना तोटा नाही, पण बहुतेकांचा हात लग्नावरच बसलेला. शेवटी राजारामपुरीतला एक लहान स्टुडिओ ठरवला, कारण तो माणूस उपासना संपायच्या वेळी चर्चमध्ये यायला तयार झाला. तेव्हा सगळे चांगल्या कपड्यांत सापडतात.

जो तो वेदीपुढं उभा राहायला बघत होता. त्यानं सरळ नाही म्हटलं. मागं खिडकी, चेहरा काळा येणार. सगळ्यांना उत्तरेकडच्या व्हरांड्यात नेलं आणि दगडी भिंतीपासून चार-पाच फूट पुढं उभं केलं. ढगाळ दिवस होता, फ्लॅश लागलाच नाही. ८५ एमएमची लेन्स लावून स्वतः चांगला लांब थांबला. मोबाईल जवळ धरला की नाक मोठं येतं, ते इथं झालं नाही. पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्यामुळं चेहरा काळवंडतो, म्हणून उजेड चेहऱ्यावर मोजला. खजिनदारांचा चष्मा चमकत होता, तर काड्या कानावरून किंचित वर उचलायला लावल्या. काचा खाली झुकल्या, चमक गेली, डोळे दिसले!

मामा काही केल्या उभे राहीनात. "किल्ल्या घ्या की ओ हातात," एवढंच तो म्हणाला. किल्ल्यांचा जुडगा हातात आला आणि मामा एकदम ताठ. सगळ्यांत चांगला फोटो तोच आहे.

आता तक्रार. पहिले फोटो आले ते सगळे गोरेपान. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंच्या सुरकुत्या गायब, साखरपुड्याचा अल्बमच जणू. मी परत पाठवले तर म्हणतो, "लोकांना असंच आवडतंय ओ मॅडम." दोन-तीनदा बोलावं लागलं, मग मूळ रंगाचे दिले. शिवाय एकेक फाइल आठ-नऊ एमबीची. मोबाईलवर पान उघडता उघडेना. आठशे पिक्सेल रुंदीच्या, दोनशे केबीच्या आतल्या फाइली वेगळ्या मागून घेतल्या. वेबसाइटसाठी आहेत हे सांगितलं होतं, तेव्हा त्यानंच विचारायला हवं होतं.

साडेपाच हजार घेतले. स्टुडिओत एकेकाला पाठवायची दगदग बघता मला ते जास्त वाटले नाहीत. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी काहींना वाटले. तुम्ही कुणालाही बोलवा, रंग उजळायचा नाही हे आधीच बजावा.

पाचपैकी चार. नवे पंच निवडून आले की पुन्हा यालाच बोलावणार आहोत. भिंत तीच, अंतर तेच आणि फोटो कापताना डोळे त्याच उंचीवर, एवढं त्याच्याकडून लिहून घेतलंय.