स्टीम डेक ओलेड: बंपर तुटला म्हणून शेवटी लिहायला बसलो

स्टीम डेक म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या ऑनलाइन दुकानातले गेम हातात धरून खेळायचा छोटा कॉम्प्युटर. घेऊन बरेच महिने झाले, पण लिहायचा आळस होता. आता कारण मिळालं. भाचा सुट्टीत आला होता, त्याच्या हातून डेक पलंगावरून फरशीवर पडला. कोपऱ्यावर आपटला. स्क्रीनला ओरखडा नाही, अंगठ्याने फिरवायच्या स्टिक ठणठणीत, फक्त उजवा बंपर, म्हणजे वरच्या कडेचं तर्जनीने दाबायचं आर-१ बटण, नुसता लुळा हलायला लागला. हे यंत्र भारतात अधिकृतपणे विकलंच जात नाही, त्यामुळे सर्व्हिस सेंटर हा विषयच मिटला. वॉरंटी अमेरिकेत, यंत्र नाशिकच्या सिडकोत.

स्पेक्स तुम्हाला पाठ असतीलच, ते लिहीत नाही. आधी पैशांचं बोलू.

मी ५१२ जीबीचं घेतलं. न्यू जर्सीचा मामेभाऊ यायचा होता, त्याच्याकडून मागवलं. ५४९ डॉलर, त्यावर तिथला ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, मिळून ५८५ च्या थोडं वर. तेव्हा डॉलर ८४ च्या आसपास होता, म्हणजे साधारण ४९,२०० रुपये. विमानतळावर ड्युटी न भरता सामान आणायची मर्यादा तेव्हा ५०,००० होती. मर्यादेच्या आत आठशे रुपये राखून बसलं, याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा खोकं उघडताना झाला नाही. इथले बाहेरून आणून विकणारे याच मॉडेलचे भलतेच भाव सांगत होते आणि वॉरंटी म्हणजे त्यांचा शब्द. १ टीबीवाल्याला तेव्हा १०० डॉलर जास्त पडत होते. त्यात जागा दुप्पट आणि स्क्रीनला चकाकी न मारणारी काच. काचेसाठी आठ हजार? नाही दिले. त्याची वसुली रेल्वेने केली, ते पुढे सांगतो.

समोर पर्याय होता तो असुसच्या आरओजी अलायचा, तोही असाच हातात धरायचा, पण विंडोजवर चालणारा. जुलै २०२३ मध्ये भारतात ६९,९९० ला आला, बिल आणि वॉरंटीसकट. कागदावर तो डेकला सरळ झोपवतो. त्याच्या झेड-१ एक्स्ट्रीम चिपमध्ये झेन ४ या नव्या पिढीचे आठ कोअर, डेकमध्ये जुन्या झेन २ चे चार. त्याची स्क्रीन जास्त बारीक आणि वेगवान, १०८०पी, १२० हर्ट्‌झ; डेकची ८००पी, ९० हर्ट्‌झ. कित्येक रात्री मी तुलनेचे तक्ते बघत जागलो. लेनोवोचा लिजन गो ८.८ इंची स्क्रीनमुळे डोळ्यांत भरायचा, पण वजन ८५४ ग्रॅम. डेक ६४० ग्रॅमचा आहे आणि तोसुद्धा आडवं पडून खेळताना मनगटाला जाणवतो. ८५४ ग्रॅम छातीवर तोलत कोणी खेळत असेल तर त्याला माझा नमस्कार.

आता ज्यासाठी मी अजूनही हे यंत्र विकलेलं नाही ती गोष्ट. कुठल्याही तक्त्यात ती नव्हती. वरच्या कडेला पॉवरचं छोटं बटण आहे ना, ते.

दाबलं की गेम आहे तिथे थिजतो. तलवार उगारलेली, उडी हवेत, समोरचा बॉस अर्धमेला, काही फरक पडत नाही. सेव्ह पॉइंट शोधा, मेनूत जा, बाहेर पडा, हे काही नाही. आत आई म्हणते, "अरे, कुकरच्या शिट्ट्या कोण मोजतंय?" की दाबलं बटण. रात्री पुन्हा दाबलं की पाच-दहा सेकंदांत तलवार तिथेच उगारलेली. रात्रभर झोपलेलं ठेवलं तरी बॅटरी दोन-चार टक्के खाली येते, जास्त नाही. ज्यांचं लग्न झालेलं नाही आणि ज्यांना दाराची कडी आतून लावता येते, त्यांना या बटणाची किंमत कळणार नाही. माझ्याकडे डेस्कटॉप आहे, चांगलं ग्राफिक्स कार्ड आहे. पण त्याच्यासमोर बसायचं म्हणजे सलग दोन तास मोकळे हवेत, आणि ते कुठून आणायचे? 'विचर ३' हा २०१५ चा गेम माझ्या स्टीमवर वर्षानुवर्षं धूळ खात होता. डेकवर तो पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत संपवला. तोही डेस्कटॉपपेक्षा कमी रिझोल्यूशनवर, कमी सेटिंगवर. मला ते खटकलं का? पहिल्या आठवड्यात खटकलं. नंतर सात-साडेसात इंचांत ८००पी आहे की १०८०पी, हे मी बघायचंच सोडून दिलं.

विंडोजवर चालणाऱ्या हँडहेल्डनाही, म्हणजे अलायसारख्या हातातल्या यंत्रांनाही, झोपेचं बटण आहे. पण त्या झोपेवर डोळे मिटून विसंबता येत नाही, म्हणून वापरणारे बरेच जण स्लीपऐवजी हायबरनेट, म्हणजे सगळं डिस्कवर ठेवून यंत्र पूर्ण बंद, लावून टाकतात. त्यात बॅटरी वाचते, पण उठायला वेळ लागतो आणि काही गेम उठल्यावर रुसतात. माझ्या ऑफिसातल्या एकाकडे असं यंत्र आहे. तो म्हणतो, एवढं काय त्यात, गेम बंद करायचा आणि परत लावायचा. त्याचं बरोबर आहे. तो एकटा राहतो.

दुसरी जागा म्हणजे पंचवटी एक्सप्रेस. आठवड्यातले काही दिवस मला मुंबईला जावं लागतं. नाशिकरोडवरून बसलो की इगतपुरी-कसाऱ्याच्या घाटात नेटवर्क जातं, बोगद्यात तर सगळ्यांचे मोबाइल एकदम मुके होतात. डेकवर एकट्याने खेळायचे गेम आधी उतरवून, एकदा नेट असताना उघडून ठेवले की ऑफलाइन बिनबोभाट चालतात. पण इथेच त्या न दिलेल्या शंभर डॉलरांचा हिशोब होतो. ५१२ च्या स्क्रीनची काच चकचकीत. ओलेडचा काळा रंग घरात दिवा मालवल्यावर बघत राहावा असा, आणि सकाळच्या उन्हात खिडकीशी बसलो की त्या काळ्यात मला माझंच थोबाड आणि मागचा पासवाला काका दिसतो. पासधारकाने खिडकी सोडून मधल्या जागेवर बसणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी १ टीबीचं घ्यावं.

बॅटरी ५० वॉट-अवरची. 'सायबरपंक २०७७' सारखं काही चिपच्या पूर्ण १५ वॉटवर सोडलं की दोन-अडीच तासांत खेळ खलास, ठाण्यापर्यंत जेमतेम. 'स्टार्ड्यू व्हॅली' किंवा 'हॉलो नाइट' असेल तर जाऊन-येऊन पुरते आणि वर उरते. उजवीकडच्या तीन ठिपक्यांच्या बटणात फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, बांधून टाका, ४०-४५ वर, आणि वॉटची मर्यादा आठ-नऊवर आणा. डोळ्यांना फारसा फरक नाही, पंखा गप्प, बॅटरी दीडपट. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' मी असाच खेळलो, पंख्याचा आवाज न होता.

आणि विजेचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. चार्जरचा तोटा धरूनही एका पूर्ण चार्जला युनिटच्या सोळाव्या भागाएवढी वीज लागते. आमच्या बिलात युनिट दहा रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे एक चार्ज साठ-सत्तर पैशांत. माझा डेस्कटॉप मॉनिटरसकट गेम चालू असताना ३५० वॉट खातो. तासाला साडेतीन रुपये. यातून ४९ हजार कधी वसूल होणार ते मी काढलेलं नाही, हिने काढलं होतं. आकडा सांगत नाही.

चार्जरचं एक सांगायलाच हवं. सोबत ४५ वॉटचा टाइप-सी चार्जर येतो, वायर चांगली अडीच मीटर, पण पिना अमेरिकन चपट्या. कन्व्हर्टरमध्ये खोचला की स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो आणि थोड्या वेळाने सुटतो. सकाळी उठून बघावं तर चार्ज शून्य वाढलेला. मग वाटलं, घरात मोबाइलचे ८० वॉटवाले चार्जर पडलेत की. तेही चालेनात, स्क्रीनवर चार्जर संथ असल्याची सूचना. मोबाइलवाल्यांचे हे मोठे आकडे बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या पद्धतीचे असतात, डेकला मात्र पॉवर डिलिव्हरी या टाइप-सीच्या सामाईक पद्धतीतून १५ व्होल्ट ३ अँपिअर पाहिजेत. लॅपटॉपचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावला आणि प्रश्न मिटला. नवा विकत घेताना खोक्यावरचे मोठे आकडे सोडा, मागच्या बारीक अक्षरांत '१५V ३A' शोधा.

जे चालत नाही ते एका दमात: व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही, कॉल ऑफ ड्यूटी नाही. जीटीए ऑनलाइन २०२४ च्या सप्टेंबरपासून नाही, एपेक्स लेजेंड्स त्याच्या पुढच्या महिनाअखेरपासून नाही. फसवेगिरी पकडणारी त्यांची सॉफ्टवेअरं लिनक्सला दारात उभं करत नाहीत आणि डेकची ऑपरेटिंग सिस्टीम, स्टीमओएस, मुळात आर्च लिनक्स आहे. मित्रांसोबत रोज रात्री व्हॅलोरंट खेळणाऱ्याने इथून पुढे वाचू नये.

इथपर्यंत बंपर तुटलेला असताना लिहिलं होतं आणि शेवटी "भारतात घेऊ नका, दुरुस्तीचे वांधे आहेत" असं ठोकून देणार होतो. मधे दोन गोष्टी झाल्या.

पहिली भाच्यानेच केली. डेकच्या मागे चार बटणं आहेत, एल-४, एल-५, आर-४, आर-५. मी त्यांना कधी हात लावला नव्हता, उगीच बोटं अडकतात म्हणून मनातून वैतागलेलोच होतो. त्याने स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये जाऊन आर-१ चं काम आर-४ ला देऊन टाकलं. "मामा, आता खेळ की." झालं. यंत्र तुटलेलं असून चालू. शिवाय मधलं बोट आपसूक तिथेच असतं, तर्जनी वर न्यायची गरज नाही. ट्रॅकपॅडचंही तसंच झालं. सुरुवातीला मला स्टिकखालचे ते दोन चौकोन म्हणजे वाया गेलेली जागा वाटायचे. नंतर माउसवर चालणारे जुने स्ट्रॅटेजी गेम लावले, डेस्कटॉप मोडमध्ये टीव्हीला जोडून आयकर विवरणपत्र भरलं, आणि आता ट्रॅकपॅड नसलेलं हँडहेल्ड मला अपंग वाटतं.

दुसरी गोष्ट दुरुस्ती. आधी एका मोठ्या, काचेच्या दुकानात गेलो. नाव घेत नाही. त्यांनी न उघडताच सांगितलं, बोर्ड बदलावा लागेल, पार्ट बाहेरून, चौदा हजार, गॅरंटी नाही. तिथून एम. जी. रोडला मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका पोराकडे. त्याने डेक आयुष्यात पहिल्यांदा बघितला. पण ओलेड मॉडेलमध्ये बंपरचा स्विच स्टिकच्या छोट्या बोर्डवर आहे, मुख्य बोर्डला हात लावावा लागत नाही, एवढं मी वाचून गेलो होतो. मागचे आठ टॉर्क्स स्क्रू काढले, बोर्ड सुटा केला, मोबाइलच्या बटणाखाली असतो तसला इवलासा स्विच डाग देऊन बसवला. पाचशे रुपये. त्यात वर त्याने पंख्यावरची धूळ फुंकरून दिली. तुम्ही उघडणार असाल तर आधी मेमरी कार्ड बाहेर काढा. तसंच ठेवून झाकण ओढलं तर कार्डाचे दोन तुकडे होतात. मी काढलं होतं, त्या पोराला तरी दोनदा दाखवलं.

स्विच बसला तरी आर-१ मी आर-४ वरच ठेवलाय.

तेव्हा दुरुस्तीबाबतचं मत बदललं, पण अर्धंच. बटण, स्टिक, पंखा इथपर्यंत गल्लीतलं डोकं पुरतं. मुख्य बोर्ड किंवा स्क्रीन गेली तर मात्र सुट्या भागांसाठी पुन्हा कोणाच्या तरी बॅगेची वाट बघायची. ज्याला ४९ हजार एका पडझडीत बुडालेले सोसणार नाहीत त्याने भारतात बिल मिळतं असंच यंत्र घ्यावं. मे २०२५ मध्ये स्टीमओएसची ३.७ आवृत्ती आली, तेव्हापासून एएमडी चिपवाल्या दुसऱ्या हँडहेल्डवरही ती चढवता येते, अलायवरसुद्धा. वॉरंटी इथली आणि झोपेचं बटण बरंचसं डेकसारखं, असा तो मधला मार्ग. आज शून्यातून घ्यायचं असतं तर मी हाच हिशोब मांडून बघितला असता, आणि तेव्हासारखाच वीस हजारांचा फरक निघाला असता तर बहुधा पुन्हा मामेभावालाच फोन केला असता.

घरात एकही कॉम्प्युटर नसेल आणि "एकात दोन कामं होतील" म्हणून हे घेत असाल तर थांबा. होतात कामं, पण हब, कीबोर्ड, माउस, मोठं मेमरी कार्ड, बॅग असं करत सात-आठ हजार सहज जातात आणि तेवढ्यात लॅपटॉपचा विचार सुरू होतो. डेस्कटॉप आहे, स्टीमवर सेलमध्ये घेतलेले गेम साठलेत आणि वेळ तुकड्यातुकड्याने मिळतो, अशांसाठी हे आहे. घेण्याआधी आपल्या लायब्ररीतले तुम्ही खरोखर खेळणार असलेले दहा गेम काढा, प्रत्येकाच्या स्टीमवरच्या पानावर डेक व्हेरिफाइड (डेकवर नीट चालतो) आहे की अनसपोर्टेड (चालत नाही) ते बघा. दहातले तीन अनसपोर्टेड निघाले तर पैसे खिशातच ठेवा.

आणि मामेभाऊ पुन्हा कधी येतोय असं विचारणारे तिघे झालेत. त्याच्या बॅगेत जागा नाही.