छापायला काय बरं: पानच की वेगळी पीडीएफ?

सदाशिव पेठेतल्या मावशीच्या साइटवरून लोक अनारशांची कृती छापून ओट्यापाशी लावतात. पान छापण्याजोगं करावं की पीडीएफ द्यावी, हे तिचं ठरत नव्हतं.

आधी कागद, कारण वाचकाचे पैसे तिथेच जातात. मेनू, जाहिराती, प्रतिक्रिया यांच्यासकट छापलं तर एका कृतीला चार-पाच पानं सहज जातात. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपान कसं दिसावं हे सांगणाऱ्या भाषेत, छपाईचे वेगळे नियम लिहिता येतात (ही सोय १९९८ पासून आहे), ते हे सगळं लपवतात. वाचकाने फक्त प्रिंट म्हणायचं. पीडीएफही आटोपशीर असते, पण मावशीने गुळाचं प्रमाण बदललं की ती पुन्हा बनवावी लागते, आणि ते राहून जातं. जुन्या फाइलमुळे कुणाचा अनारसा तुपात हसला, तर मला खरंच वाईट वाटेल.

मेहनत: नियम एकदाच लिहायचे, पीडीएफ दर कृतीला.

मांडणीत मात्र पीडीएफ सरस. झेरॉक्सवाल्याला मोबाइलवरून पाठवली तरी ए४ वर जशीच्या तशी उतरते. पान थेट छापलं तर ब्राउझर बहुधा पार्श्वरंग गाळतात.

म्हणून बदलत राहणाऱ्या कृतींना सीएसएस. क्लासचा फॉर्म किंवा रंगीत तक्ता असेल तर पीडीएफ.