ओटो घ्यावेत की ब्रिसलनोज? दोन फुटी टँकवाल्यांनी आधी हे वाचा

ओटो आणि ब्रिसलनोज हे फिशटँकमधलं शेवाळ खाणारे दोन मासे. पण टँकच्या काचेवर शेवाळ आलं की दुकानदार आधी सकर मासा दाखवतो. दुकानात बोटाएवढा दिसतो पण पुढे फूटभराच्या वर जातो, त्यामुळे मुंबईतल्या हॉलमधल्या टँकसाठी तो विषय सोडा आणि मोठा झाला म्हणून तलावात तर कधीच सोडू नका, इथल्या माशांची वाट लागते.

ओटो जेमतेम ४-५ सेंमी, झाडांची पानं न फाडता तपकिरी शेवाळ आणि मऊ हिरवा थर मस्त साफ करतो. पण नाजूक आहे हो. बहुतेक ओटो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतून पकडून आणलेले असतात, प्रवासात उपाशी राहतात आणि म्हणूनच घरी आणल्यावर लवकर मरतात. क्रॉफर्ड मार्केटला घ्यायला गेलात तर काचेला चिकटलेला असताना पोट बघा, खपाटीला गेलेलं असेल तर कितीही स्वस्त मिळो, नको. एकटा ठेवू नका, कमीत कमी सहा घ्या, आणि टँक नवीन असेल तर तीन-चार महिने थांबाच, कारण नव्या टँकमध्ये त्यांना खायलाच काही नसतं.

ब्रिसलनोज दणकट, टँकमध्येच ब्रीड केलेला मिळतो, एकटा आरामात राहतो. १२ ते १५ सेंमी होतो, घाण भरपूर करतो, फिल्टर चांगला लागतो, खरवडायला ड्रिफ्टवुड (टँकमध्ये ठेवायचं लाकूड) हवंच. दोन नर ठेवलेत तर लपायच्या जागेवरून मारामारी. ५५ लिटरच्या दोन फुटीत पिल्लू असताना ठीक, नंतर तीन फुटी लागतो.

काळं केसाळ शेवाळ दोघंही साफ करत नाहीत, त्यासाठी घेत असाल तर पैसे वाया. शेवाळ संपल्यावर उकळत्या पाण्यातून काढलेला काकडीचा किंवा दुधीचा काप रात्री टाका, सकाळी उरलेला काढा.

नळाचं पाणी अँटिक्लोरीन टाकून दोघांनाही चालतं, पण सोसायटीत सारखं टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर ओटोच्या नादी लागू नका, ब्रिसलनोज तेवढं सहन करतो. मे महिन्यात पाणी ३० अंशांच्या वर गेलं की ऑक्सिजन कमी पडतो, तेव्हा पाण्यावर छोटा पंखा आणि एअर पंप दिवसरात्र चालू ठेवा.

जुना, झाडं असलेला दोन फुटी आणि सोबत निऑन, गप्पीसारखे शांत मासे असतील तर मी डोळे झाकून ओटो सांगेन.