परवानग्यांची खिडकी: सोपे शब्द ठेवावेत की नऊ चौकटी?

फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची हे ठरवणारी खिडकी बनवायला घेतली की टीममध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, साध्या माणसाला कळेल असं ठेवा. दुसरा म्हणतो, ७५५ असा परवानगीचा आकडा टाकायला जागा द्या, आमचं भागेल. तुम्ही या निर्णयाशी अडला असाल, तर आधी झालेले प्रयोग शेजारी ठेवून बघा.

युनिक्सचं, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातलं आहे त्या प्रणालीचं, गणित छोटं आहे. मालक, ग्रुप आणि इतर. प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं. तीन गुणिले तीन, म्हणून नऊ चौकटी. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १; बेरीज केली की एकेकाचा आकडा मिळतो, जसं ७५५ मध्ये मालकाचे ७, बाकीच्यांचे ५-५. सर्व्हर सांभाळणारा हे तीन आकडे एका नजरेत वाचतो. ते त्याच्याकडून काढून घेऊ नका.

नवख्याची गोची होते ती फोल्डरवर. फोल्डरला ‘चालवणं’ म्हणजे आत शिरणं, आणि ‘लिहिणं’ म्हणजे आतल्या फाइली बनवणं, पुसणं. करून बघा: लिनक्सवर स्वतःच्या फोल्डरमधल्या एखाद्या बिनकामाच्या फाइलला ४४४ द्या, म्हणजे सगळ्यांना फक्त वाचता येईल. मग टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, फाइल पुसणारी आरएम ही आज्ञा त्या फाइलवर चालवा. फाइल राइट-प्रोटेक्टेड आहे, काढू का, असं एकदा विचारलं जातं. वाय टाकून एंटर दाबा, फाइल गेली. पुसण्याची परवानगी फाइलवर नसतेच, फोल्डरवर असते. ‘रीड-ओन्ली केलंय, आता काळजी नाही’ म्हणणाऱ्या माणसाला नऊ चौकटींतून हे कधीच कळणार नाही. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या खिडकीत मात्र फोल्डरसाठी पर्यायच असे आहेत: फक्त फाइलींची यादी बघणं, फाइली उघडणं, फाइली बनवणं आणि पुसणं. हे शब्द सोपे आहेतच, पण चौकटींपेक्षा खरेही आहेत, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

ग्नोम कमी पडतं ते जाणत्यासाठी. सामायिक फोल्डरमधल्या नव्या फाइलींना आपोआप फोल्डरचाच ग्रुप लागावा, एवढी साधी गरज असली तरी त्याला टर्मिनल गाठावं लागतं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या डॉल्फिन या फाइल मॅनेजरमध्ये समोर ‘बघू शकतो’, ‘बघू आणि बदलू शकतो’ अशी निवड असते आणि एक बटण दाबलं की चौकटींचा पूर्ण तक्ता उघडतो, खास बिटांसकट (वरची ग्रुपची सोय त्यांतच येते). दोघांसाठी नियम तेच राहतात, एकाला फक्त जास्त दिसतं.

विंडोज एक्सपीने २००१ साली नेमकं हेच चुकवलं. ‘सिंपल फाइल शेअरिंग’ चालू असलं की सिक्युरिटीचा टॅब, म्हणजे परवानग्यांचं सविस्तर पान, गायब व्हायचा, आणि नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण गेस्ट, म्हणजे पाहुणा, धरला जायचा. म्हणजे सोप्या खिडकीआड नियमच निराळे झाले. होम आवृत्तीत तर तो टॅब बघायला सेफ मोडमध्ये जावं लागे. मदतीला आलेल्या जाणत्या माणसाने काय बघायचं? त्याच विंडोजची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. माणूस किंवा ग्रुप निवडला की त्याला प्रत्यक्षात काय काय करता येईल, हे ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये दिसतं. ते इतकं आत का दडवलंय, कळत नाही; नवख्याचा पहिला प्रश्न तोच असतो.

मी डॉल्फिनची मांडणी घेईन, शब्द ग्नोमचे ठेवीन, आणि ‘या माणसाला काय करता येईल’ हे पहिल्याच पानावर आणीन.

‘आतल्या सगळ्यांना लागू करा’ हे बटण शेवटी घाईत उरकू नका. सरसकट ६४४ लावलं तर फोल्डरांची आत शिरण्याची परवानगी जाते आणि मालकच दाराबाहेर राहतो. परवानग्या बदलणाऱ्या सीएचमॉड या आज्ञेत यासाठी मोठा एक्स (X) आहे: तो चालवण्याची परवानगी फोल्डरांना देतो, आणि फाइलींपैकी ज्यांना ती आधीच कोणासाठी तरी आहे त्यांनाच. ग्नोम फाइली आणि फोल्डर यांची निवड वेगवेगळी विचारतं. दोन्हींपैकी काहीही निवडा, पण ते न मागता मिळू द्या.