क्रूझ कंट्रोल बसवून घेताय? ब्रेकची वायर आधी तपासा

लांबच्या प्रवासात पायाला आराम मिळावा म्हणून मी गाडीला बाहेरून क्रूझ कंट्रोलचं (पाय पेडलवर न ठेवता ठरवलेला वेग राखणाऱ्या यंत्रणेचं) किट बसवून घेतलं. बसवणाऱ्याने मला दोनदा फसवलं. पहिल्या वेळी फक्त पैसे गेले, दुसऱ्या वेळी जिवावर बेतलं होतं.

हे किट ॲक्सिलरेटर पेडल आणि ईसीयू (इंजिन चालवणारा गाडीचा कॉम्प्युटर) यांच्या मध्ये बसतं आणि पेडल दाबल्यासारखा सिग्नल स्वतःच पाठवत राहतं. इंजिनाला वाटतं, चालकाचा पाय पेडलवरच आहे. त्यामुळे ब्रेक दाबला की किटला ते कळायलाच हवं. त्यासाठी ब्रेक लाइटच्या स्विचवरून एक बारीक वायर किटकडे आणतात. माझ्या बाबतीत सगळी गडबड त्या एका वायरीत होती.

पहिल्या दिवशी बटण दाबलं की दिवा लागायचा, पण स्पीड काही केल्या सेट होईना. परत गेलो. त्याने मीटर लावला नाही, स्विचकडे पाहिलंही नाही. "साहेब, मॉड्यूल उडालंय, नवीन टाकावं लागेल," म्हणाला. मॉड्यूल म्हणजे किटचा मुख्य इलेक्ट्रॉनिक डबा. मला त्यातलं कळत नव्हतं. मी पुन्हा पैसे दिले.

या वेळी स्पीड सेट झाला. रिकाम्या रस्त्यावर ताशी 60 वर ठेवला आणि थोड्या वेळाने ब्रेक दाबला. गाडी मंदावली, पण ब्रेकवरून पाय काढताच तिने पुन्हा वेग घेतला. क्रूझ सुटलंच नव्हतं! बटणाने ते बंद करून गाडी बाजूला घेतली तेव्हा हात थरथरत होते. पुढे वळण किंवा माणूस असता तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही.

मग एका जाणकार मित्राला घेऊन डॅशबोर्डखाली वाकलो. मल्टिमीटरचा (व्होल्ट मोजणाऱ्या मीटरचा) काळा प्रोब गाडीच्या बॉडीला, लाल प्रोब किटच्या ब्रेक वायरीला लावला. पेडल सोडलेलं असताना 0 आणि दाबल्यावर बॅटरीइतके, म्हणजे 12च्या आसपास व्होल्ट यायला हवे होते. दोन्ही वेळा 0. टेप सोलत गेलो तर ती वायर स्विचपासून कापून एका बोल्टखाली अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला, दाबलेली होती. तिचा तुटका तुकडा स्विचच्या कायम चालू असलेल्या वायरीला नुसता पिळून जोडलेला. म्हणजे आधी किटला ब्रेक सतत दाबलेलाच दिसत होता, म्हणून स्पीड सेट होत नव्हता; आता वायर अर्थला गेल्याने ब्रेक दाबलेला कधीच दिसत नव्हता, म्हणून क्रूझ सुटत नव्हतं. स्विचच्या दुसऱ्या बाजूची वायर घेतली असती तर काम झालं असतं. मॉड्यूलला काहीही झालेलं नव्हतं.

आणि "नवीन" मॉड्यूल? पहिल्या दिवशी मी सहज मॉड्यूलवरच्या स्टिकरचा फोटो काढला होता. नंबर तोच निघाला.

तुम्ही बसवून घेणार असाल तर काम चालू असताना समोर उभे राहा, स्टिकरचा फोटो घ्या, पार्ट बदलला म्हणाला तर जुना मागून घ्या. ब्रेकच्या वायरीचं रीडिंग पेडल सोडून आणि दाबून, दोन्ही वेळा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मॅन्युअल गाडी असेल तर क्लच दाबल्यावरही क्रूझ सुटतं का, तेही बघा. स्टीअरिंगजवळच्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू देऊ नका.

मित्राने ती वायर योग्य जागी सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवलं. त्यानंतर ब्रेकला पाय लागला की क्रूझ लगेच सुटतं. बसवणाऱ्याला फोटो आणि रीडिंग पाठवली. त्याने फोन उचलणंच बंद केलंय.