इंटरनेटवर फाइली ठेवायला गूगल ड्राइव्ह की ड्रॉपबॉक्स?

फुकटात ड्राइव्ह १५ जीबी देतं, ड्रॉपबॉक्स जेमतेम २. पण त्या १५ जीबीत जीमेल आणि फोटोही वाटेकरी आहेत. पूर्वी किंचित दर्जा उतरवलेले फोटो या जागेत मोजले जात नसत; १ जून २०२१ पासून ती फुकट चैन संपली. बारशाचे चार व्हिडिओ चढवले की जागा भरते, आणि मग मेल येणंही बंद!

ड्रॉपबॉक्सची जुनी खुबी अशी. ते फाइलचे ४ एमबीचे तुकडे पाडतं. लग्नपत्रिकेच्या ४०० एमबीच्या फाइलमध्ये मामांचं नाव दुरुस्त केलं, तर बदललेले तुकडेच वर जातात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या डिझायनरला याची किंमत विचारा.

सातबारा, आधारच्या प्रती, सोसायटीचा हिशेब एवढंच असेल तर ड्राइव्ह पुरे. छपाईचा धंदा असेल तर ड्रॉपबॉक्सला पैसे मोजा.